मेहेरबान कोर्ट ते साडेबारा टक्के

ठाण्याच्या न्यायालयात दाखल होणाऱ्या मराठी दाव्यातला पहिला शब्द सहसा पुरता लिहिलेलाच नसतो. ‘मे. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, ठाणे यांचे न्यायालयात’ असा मथळा टंकलेखकाच्या बोटांना पाठ झालेला असतो, आणि त्यातला ‘मे.’ म्हणजे मेहेरबान. खाली वादी-प्रतिवादींची नावे येतात, मग मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, दाव्यास कारण कधी घडले ते, आणि अखेरीस ‘सबब विनंती की’. मागणी असते बापाच्या जमिनीतल्या हिश्शाची, म्हणजे सरळसरळ हक्काची. तिची सुरुवात मेहेरबानीने होते आणि शेवट विनंतीने. वकिलाला यात वावगे वाटत नाही, पक्षकाराला तर नाहीच. कोर्टाशी असेच बोलायचे असते, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते.

मराठी माणूस न्यायाबद्दल काय समजून आहे, याचा शोध घ्यायचा तर असे कागद तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. पुढच्या पानांवरचे लेख याच कागदांतून आणि त्यांच्याभोवतीच्या बोलण्यातून हिंडतात. वाचकाने त्यांत शिरण्यापूर्वी या भाषेचे थर कुठून आले, ते थोडे उकलून ठेवलेले बरे.

त्यासाठी बाळकुमसारखे गाव सोयीचे आहे. ठाण्याहून कशेळीच्या पुलाकडे आणि पुढे भिवंडीला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे, खाडीला लागून असलेले हे आगरी-कोळ्यांचे गाव. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली, आणि आज गावठाणाच्या डोक्यावर टॉवर उभे आहेत, भिवंडीकडे जाणाऱ्या मेट्रोमार्गावर बाळकुम नाका हे स्थानक आहे, गायमुखपर्यंतच्या खाडीकिनारी रस्त्याचा आरंभही इथूनच. जमिनीला असा भाव आला की घरोघरी कायद्याची भाषा शिरते. सातबारा, फेरफार, वारसनोंद, वाटणीपत्र, कुळाची जमीन, वहिवाटीचा रस्ता हे शब्द इथे शाळेत न गेलेल्या आजीलाही नेमके ठाऊक असतात. तिचा नातू त्याच दमात ‘स्टे मिळाला’, ‘केस टाकली’, ‘तारीख पडली’ म्हणतो. आणि दोघांचेही म्हणणे एकच: भावकीतले भावकीत मिटले असते तर बरे झाले असते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अजून जुनी झालेली नाही.

‘मिटणे’ हे क्रियापद इथे कळीचे आहे. मराठीत भांडण मिटते, वाद तुटतो, प्रकरण निकाली निघते, तंटा सुटतो. यातल्या कुठल्याही प्रयोगात कोण बरोबर होते हे सांगितलेले नाही. गाव पुन्हा सुरळीत नांदू लागले, एवढेच त्यातून कळते.

ही रीत जुनी आहे. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा, हद्दीचा किंवा वारशाचा वाद उभा राहिला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावांचे जाणते, कधी देशमुख-देशपांडे. निर्णयाचा कागद म्हणजे महजर, आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या. पाटलाच्या नावापुढे नांगर, कुलकर्ण्याच्या नावापुढे लेखणी, बलुतेदारांपुढे त्यांच्या त्यांच्या अवजाराची खूण. बाईची निशाणी असली तर बांगडी. इतिहास संशोधक मंडळांच्या दप्तरांत असे कागद मुबलक आहेत आणि ते पाहताना आधी नजरेत भरतात त्या या खुणाच. ज्याला लिहिता येत नाही त्याचीही साक्ष त्याच्या धंद्यासकट नोंदली जाई. गंमत अशी, की निशाणी कोर्टातून अजून हललेली नाही. मराठी निकालपत्रात पुराव्याचा कागद ‘निशाणी २३’ असाच येतो, ‘नि. २३’ असा आखडूनही. आणि सही न येणाऱ्याच्या अंगठ्याशेजारी अजून ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहिले जाते. नांगर मात्र गेला.

पंचांपुढे वाद ठेवण्याआधी दोन्ही बाजूंकडून राजीनामा लिहून घेत. आज राजीनामा म्हटले की मंत्री आठवतो किंवा कंपनीतला कंटाळलेला कारकून. तेव्हा त्याचा अर्थ होता, पंच जो निवाडा देतील तो आम्हांस मान्य, अशी लेखी कबुली. जोडीला जामीन. आधी राजी व्हा, मग न्याय मागा. इंग्रज अधिकारी एलफिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ मध्ये लिहिला, त्यात पंचायतीची ही पद्धत त्याने तपशिलाने टिपली. तिचे दोष मोजले, तरी ती राखावी असे सुचवले. पुढे १८२७ च्या कायदेसंग्रहानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत कोर्टे स्थिरावली आणि पंचायत आपोआप मागे पडली.

निवाडा लागल्यावर दोघांनाही पैसे भरावे लागत. जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरी, म्हणजे हर्षाची पट्टी. हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ घेत. शेताच्या बांधावरून वाद असला, त्यात चोरी ना मारामारी, तरी हरला तो गुन्हेगार! दिवाणी आणि फौजदारी अशी आज पाठ असलेली विभागणी त्या शब्दाला ठाऊक नव्हती. खोटा दावा करून गावाला, पंचांना आणि देवाला तिष्ठत ठेवले हाच गुन्हा. साक्षीपुरावा संपला आणि तरी उलगडा झाला नाही तर दिव्य होतेच. रवादिव्यात उकळत्या तुपा-तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हात बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी तो पाहायचा. आता ‘दिव्य पार पाडले’ हे लोकलच्या गर्दीबद्दलही म्हणतात.

निवाडा हा शब्दही निवडणे या क्रियापदातून आला. तांदूळ निवडावे तसे खडे बाजूला काढायचे, हे काम सुपाशी बसून, चार जणांसमोर, उजेडात करायचे असते. मनसुबी, मजालस, निवाडपत्र ही त्याच घराण्यातली नावे आता दप्तरांपुरती उरली. पंच मात्र उरले, पण त्यांची पत पार घसरली. पूर्वी ते निर्णय देत. आता पोलीस झडती घेताना रस्त्यावरच्या दोघांना बोलावतात, पंचनाम्यावर सही घेतात, आणि काही वर्षांनी कोर्टात तेच पंच फितूर झाल्याचे वर्तमानपत्रात येते. एखाद्या संस्थेची पडझड पाहायची तर तिच्या नावाचे पुढे काय झाले ते पाहावे.

इथे कोणी गोतसभेची आरती ओवाळू लागले तर त्याला थांबवले पाहिजे. ती सभा सगळ्यांना बसवून घेई, पण सारख्या उंचीवर नाही. निवाडा करणारे तेच, वतनदारही तेच, आणि जातीच्या उतरंडीचे राखणदारही तेच. तिच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार म्हणजे वाळीत टाकणे. हे हत्यार विसाव्या शतकातही बोथट झाले नाही. रायगडच्या गावांतून गावकीच्या बहिष्काराच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या, जातपंचायतींविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मोहीम उघडली, आणि अखेर सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला. तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. कायद्याच्या भाषेत ‘सामाजिक बहिष्कार’, गावाच्या भाषेत ‘वाळीत’. पहिल्या शब्दात पीडित व्यक्ती दिसते आणि दुसऱ्यात गावाचा अधिकार. तक्रार नोंदवायला आलेल्याला नेमका हाच पल्ला ओलांडायचा असतो.

सरकारलाही मिटवण्याचे आकर्षण सुटलेले नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावागावांत समित्या नेमल्या गेल्या आणि तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसे मिळाली. खूप किरकोळ वाद त्यातून खरोखर निघाले, कोर्टाचे हेलपाटे वाचले. पण तंटा हीच व्याधी मानली की तंटा करणारा रोगी ठरतो. हिस्सा मागणारी बहीण, मजुरी मागणारा गडी, पाणवठ्यावर हक्क सांगणारी वस्ती यांनी तंटाच केला होता. गाव तंटामुक्त झाले म्हणजे त्यांचे काय झाले, हे बक्षिसाच्या पाटीवर लिहिलेले नसते.

कोर्टाच्या शब्दांचे कूळ-मूळ सांगायला फार वेळ लागू नये. फिर्याद, वकील, जामीन, दावा, कैफियत, हुकूम, दस्तऐवज, मुद्देमाल, तहकूब ही फारसी-अरबी मंडळी सुलतानी अमलात आली आणि घरचीच झाली. शिवाजी महाराजांनी सुमारे १६७७ मध्ये राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. न्यायाधीश टिकला, फिर्याद हटली नाही. साष्टी बेटावर, म्हणजे ठाण्याच्या बाजूला, पोर्तुगीज राज्य १७३७ पर्यंत होते, नंतर मराठे, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रज. पोर्तुगिजांच्या काळात बांधायला घेतलेल्या ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. इंग्रजांनी अपील, समन्स, बेलीफ दिले. १९६० नंतर भाषा संचालनालयाने वादी, प्रतिवादी, अभियोक्ता, न्यायनिर्णय असे शब्द घडवले किंवा पक्के केले. त्यातले काही रुळले, काही कोशातच राहिले. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी झाली. सरतपास, उलटतपास मराठीत होतात; निकाल पुष्कळदा इंग्रजीत येतो. उच्च न्यायालयाचे कामकाज तर इंग्रजीतच चालते. बाळकुमचा दावेदार ठाण्यात आपली गोष्ट मराठीत सांगतो, आणि मुंबईला अपिलात गेला की त्याच्या साक्षीचे इंग्रजी भाषांतर त्याच्या वतीने बोलते.

एक शब्द मात्र उलट दिशेने गेला. धरणे. सावकाराने किंवा त्याच्या वतीने एखाद्या ब्राह्मणाने ऋणकोच्या दारात उपाशी बसायचे, देणे फिटेपर्यंत उठायचे नाही. उपाशी मेला तर पाप दारवाल्याच्या माथी. ही दिवाणी वसुलीच होती, फक्त कोर्टाऐवजी देवाच्या धाकाने. इंग्रजांना हा प्रकार इतका झोंबला की १८६० च्या दंड संहितेच्या ५०८ व्या कलमात, दैवी अवकृपेची भीती घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून, दारात धरणे धरून बसलेला माणूसच दिला होता. आज धरणे जिल्हाधिकारी कचेरीसमोर धरले जाते. बसणारा बदलला: तेव्हा धनको बसे, आता ज्याचे काही गेले आहे तो बसतो. ऋणको आता सरकार आहे.

हा बदल आपोआप झाला नाही. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात खोत जमिनीचा मालक आणि कूळ त्याचे देणेकरी, असा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालला. कूळ खोताला जो कागद लिहून देई त्याचे नाव कबुलायत. न वाचता आलेल्या अटी त्याने कबूल केल्या, असा त्याचा मजकूर. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या, बहुतांशी आगरी, शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये शेते कसायचेच नाकारले. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली हा संप १९३९ पर्यंत चालला. जमिनी पडीक राहिल्या, माणसे लाकूडफाटा आणि मासे विकून जगली. या संपाशी उभे राहिलेल्या डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेत न्याय, हक्क, समता यांतला एकही शब्द नाही. एक क्रियापद आहे आणि एक षष्ठी. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी ते व्याकरण कायद्यात उतरवले. कूळ मालक झाले. तरी सातबाऱ्यावर आजही ‘मालक’ असा रकाना नाही, तिथे ‘भोगवटादार’ आहे. जमीन सरकारची, तुम्ही भोगता, ही महसुली धारणा त्या शब्दात शाबूत आहे.

त्याच आगरी समाजाने पुढे एका आकड्यालाच न्यायाचे नाव करून टाकले. नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगडमधली गावे सिडकोने घेतली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धारकाला परत देण्याची योजना आली. आता त्या पट्ट्यात ‘आमचे साडेबारा टक्के’ म्हटले की कशाचे, हे कोणी विचारत नाही. व्यवहारात त्या भूखंडांचे पुढे काय झाले, ते बिल्डरांच्या हाती कसे गेले, ही वेगळी आणि फारशी सुखाची नसलेली कथा. पण मोबदला मागणे आणि वाटा मागणे यांतले अंतर या आकड्याने पार केले. मोबदल्यात घेणारा देतो तेवढे घ्यायचे असते. साडेबारा टक्क्यांत जमिनीच्या वाढत्या किमतीत भागीदारी आहे. सरकारी कागद पुष्कळदा ‘प्रकल्पबाधित’ म्हणतो, गाव ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणते. बाधा मोजता येते, ग्रासलेला माणूस कुठे मोजणार? मराठवाड्यात याच भरपाईला मावेजा म्हणतात, निजामी अमलातून आलेला शब्द. तिथले शेतकरी ‘मावेजा वाढवून द्या’ म्हणतात तेव्हा त्यात साडेबारा टक्क्यांसारखी भागीदारीची हाक ऐकू येत नाही, कारण तो लढाच वेगळा होता.

आता एक कागद जवळून पाहू. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रोज नोंदला जाणारा, चार-पाच पानांचा, किरकोळ मुद्रांकाचा: हक्कसोडपत्र. लिहून देणार म्हणून बहुधा बहिणी, लिहून घेणार म्हणून भाऊ. मजकूर ठरलेला. सदर मिळकतीतील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला कायमचा सोडून देत आहे. दडपण नव्हते हे कागदाला आवर्जून सांगावे लागते, यातच बरेच आले. या बाईला साडीचोळी मिळते, जेवण होते, सणावाराला माहेर उघडे राहते. सही केली नाही तर तिच्याबद्दल एकच वाक्य फिरते: ‘तिने हिस्सा मागितला.’ भावाच्या बाबतीत असे वाक्य मराठीत तयारच होत नाही. भावांच्या ‘वाटण्या होतात’. मुलगी मागते आणि मुलाला मिळते, हे वाक्यरचनेतच ठरून गेले आहे.

कायदा मात्र पुढे गेला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायदा दुरुस्त करून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट गेली. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे पक्के केले. तरी अनेक सातबाऱ्यांवर बहिणींची नावे बरीच वर्षे ‘इतर हक्क’ या रकान्यात बसलेली दिसतात, विहिरीच्या हिश्शाच्या आणि बँकेच्या बोजाच्या शेजारी. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास शेताचा तुकडा बायकोच्या नावावर करण्याची चळवळ उभी केली, तिचे नाव लक्ष्मीमुक्ती. संघटनेच्या शरद जोशींची ती मोठी कामगिरी. पण त्या नावातही घरधनी उदारपणे लक्ष्मीचे ऋण फेडतो आहे. मेहेरबान कोर्टातला मेहेरबान इथे घरातच बसलेला असतो.

देण्याच्या भाषेतून हक्काच्या भाषेत येणे किती रेंगाळते, ते सरकारच्या पाट्यांवरही वाचता येते. मंत्रालयात विभाग आहे ‘सामाजिक न्याय व विशेष सहाय्य’. त्याचे पुण्यातले आयुक्तालय अजून ‘समाज कल्याण’. शाहू महाराजांचा जन्मदिवस, २६ जून, राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो; त्यांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हा हा जोडशब्द मराठीत रुळलेलाही नव्हता. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चारशेवीसचे तीनशे अठरा झाले, तीनशे दोनचे एकशे तीन. नावात दंडाचा न्याय झाला असला तरी आत शिक्षा आहेतच, आणि ठकसेनाला गावात कोणी तीनशे अठरा म्हणू लागल्याचे ऐकिवात नाही.

पुढच्या लेखांमध्ये मिटवण्याचा, मेहेरबानीचा आणि हक्काचा असे हे तिन्ही सूर वेगवेगळे काढून दाखवायचा खटाटोप कोणी केलेला नाही, आणि तेच योग्य. मिटवून टाका म्हणणारा, साहेबांच्या पाया पडणारा आणि आमचा वाटा टाका म्हणणारा माणूस पुष्कळदा एकच असतो, एकाच दिवशी, तलाठ्याच्या, वकिलाच्या आणि नगरसेवकाच्या दारात.

कोर्टाच्या इंग्रजी निकालांमुळे येणारी भाषेची अडचण सोडवायला अलीकडे यंत्रही आले आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल मराठीत उपलब्ध होऊ लागले आहेत. त्यांच्या भाषांतरासाठी संगणकीय प्रणाली वापरली जाते. अशा निकालाच्या मराठी प्रतीवर सूचना असते: हे भाषांतर पक्षकाराला आपल्या भाषेत निकाल समजावा एवढ्यापुरते आहे, इतर कामासाठी वापरता येणार नाही, आणि अंमलबजावणीसाठी इंग्रजी प्रतच अधिकृत धरली जाईल.